उझबेकिस्तान: दोघीच जातोय, तिथल्या लोकांशी बोलणं होईल का?

निवांत

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मोठी बहीण सप्टेंबरअखेर उझबेकिस्तानला निघालोय. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, नेहमीचाच मार्ग. दोघी साठीच्या आसपास. आजवर जिथे गेलो तिथे टूर कंपनीबरोबरच. सकाळी सहाला उठवणार, झेंडीवाल्या गाईडच्या मागे पळवणार, संध्याकाळी जेवायला पुन्हा आपलीच मंडळी. एवढे देश पाहिले, पण त्यातल्या एकाही देशातल्या माणसाशी 'थँक्यू'पलीकडे बोलल्याचं आठवत नाही. म्हणून या वेळी हट्टाने दोघीच.

ई-व्हिसा, हॉटेलं, रेल्वेची तिकिटं सगळं झालंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. विचारायचंय ते माणसांबद्दल. आम्हाला रशियन येत नाही, उझबेक तर नाहीच. मग बोलणं होतं का? काही ठिकाणी वाचलं की लोक सरळ घरी चहाला बोलावतात. जावं का? बहीण पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही. कुणाच्या घरी ताटात मांस आलं तर काय करायचं, या विचाराने ती आत्तापासूनच धास्तावली आहे. ज्यांनी तिथे निवांतपणे वेळ घालवलाय त्यांनी सांगावं.

बोरूबहाद्दर

बोलणारे भरपूर भेटतील हो. समरकंदच्या रेगिस्तान चौकाच्या आवारात तर तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तरी कुणीतरी बोलायला येतं. फक्त त्यातल्या निम्म्यांच्या हातात सुझानी (भरतकाम केलेलं कापड) नाहीतर रेशमी ओढणी असते एवढं लक्षात असू द्या. तिथे घासाघीस करण्यात काही वावगं नाही, हसतखेळत करा.

टॅक्सी यांडेक्सच्या अॅपवरूनच घ्या. स्टेशनबाहेर 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणाऱ्यांशी गप्पा मारायला जाल तर त्या महागात पडतील. आणि नोटांवरची शून्यं नीट बघा. डॉलरला बारा हजारांच्या घरात सोम मिळतात, त्यामुळे पाच हजार आणि पन्नास हजार यांची गल्लत घाईत सहज होते.

पाऊलवाट

निवांतताई, तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलेच, कारण या विषयावर मला फार बोलायचं असतं आणि घरात आता कुणी ऐकत नाही.

बोरूबहाद्दर म्हणतात ते रेगिस्तानपुरतं खरं आहे. रेगिस्तान बघा, मनसोक्त बघा, उलुगबेगाचा मदरसा १४२० चा आणि समोरचा शेरदोर त्यानंतर दोनशे वर्षांनी उभा राहिलेला, ही गंमत तिथे उभं राहूनच कळते. पण माणसं भेटायची जागा ती नव्हे. तिथे तुम्ही पर्यटक आणि ते विक्रेते, किंवा इंग्रजीचा सराव करायला आलेली कॉलेजची मुलं. मुलं गोड असतात, पण दहा मिनिटांत प्रश्न संपतात.

माणसं भेटतात जिथे दोन्ही बाजूंना दुसरं काही करायला नसतं तिथे. माझ्या मते त्यात पहिला नंबर रात्रीच्या रेल्वेचा. समरकंदला जाताना सगळे अफ्रोसियोब या वेगवान गाडीने जातात. दोन तासांत पोचवते, छान आहे, पण तिथे जो तो मोबाईलमध्ये. ताश्कंदहून खिव्याला मात्र रात्रीची गाडी घ्या आणि तिकीट प्लात्सकार्तचं काढा. हा दार-पडदा नसलेला शयनयान डबा, चोपन्न बर्थचा. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी, ज्याला हवं त्याने जाऊन किटली भरून आणायची.

आमच्या समोर एक आजी होत्या. डोक्याला रुमाल, पुढचे दात सोन्याचे (तिथल्या त्या पिढीत हे सर्रास दिसतं). गाडी हलली तसं त्यांनी टेबलावर फडकं अंथरलं, त्यातून जाडजूड नान काढला, दोन्ही हातांनी तोडला आणि आमच्यासमोर आधी तुकडे ठेवले. विचारलं वगैरे काही नाही. मग टोमॅटो, काकड्या, मिठाची पुडी. त्यानंतर चौकशी सुरू झाली. अनामिकेवर बोट फिरवून माझ्या नवऱ्याकडे मान उडवली, म्हणजे हाच का नवरा? मग हात जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर धरून, मुलं किती? केवढी? आमची एकच आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते बघून मला लेकीची माफी मागावीशी वाटली.

तेव्हा भाषेची काळजी सोडा, पण घरच्यांचे फोटो मोबाईलमध्ये एका जागी काढून ठेवा. मुलं, नातवंडं, लग्नातले फोटो, घराची गच्ची. सगळं संभाषण त्यावर चालतं. वय, लग्न, मुलं, पगार हे चारही प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतात, त्यात आगाऊपणा नसतो. पगाराचं उत्तर हसून टाळलं तरी चालतं.

टिकल्यांची पाकिटं न्या. खरंच सांगते. मी आजींना एक पाकीट दिलं तर त्यांनी तिथल्या तिथे एक लाल टिकली काढून, मोबाईलच्या काळ्या काचेत बघत, अगदी बरोब्बर मधोमध लावली. आणि मग उठून अख्ख्या डब्यात फिरून आल्या. परत आल्या त्या आणखी तीन बायकांना घेऊन. पाकीट तिथेच संपलं. राज कपूर आणि मिथुन ही दोन नावंही कामाला येतात, पण ती पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. तरुण पोरांना शाहरुख.

आता घरी बोलावण्याचं. 'या, चहा घ्या' हे तिथे दारातून जाणाऱ्यालाही म्हणायची रीत आहे. पहिल्यांदा म्हटलं की उजवा हात छातीवर ठेवायचा, जरा झुकायचं, 'रहमत' म्हणजे धन्यवाद म्हणायचं आणि पुढे जायचं. हे कुणालाच लागत नाही. पुन्हा म्हटलं, मग हाताला धरलं किंवा पोराला आत पिटाळून सांगावा धाडला, तर ते खरं बोलावणं. माझा नियम साधा आहे: बोलावणारी त्या घरातली बाई असेल तर जायचं. दोघीच आहात, तर एकट्या पुरुषाचं, विशेषतः टॅक्सीवाल्याचं आमंत्रण कितीही प्रेमळ वाटलं तरी छातीवर हात आणि रहमत. बहुतेक जण चांगलेच असतात, पण पारखत बसायला आपल्याला वेळ नसतो.

आत गेलात की चपला दाराशी. तुम्हाला दारापासून सगळ्यात लांबच्या जागी बसवतील, ती मानाची जागा, 'नको नको, इथेच बसते' करत दाराजवळ बसू नका. हातावर पाणी घालतील, ते झटकायचं नाही, पुढे केलेल्या टॉवेलला पुसायचं. नान पालथा ठेवायचा नाही आणि जमिनीवर तर अजिबात नाही. चहा आधी किटलीतून पियाल्यात ओततात, परत किटलीत, असं तीनदा, आणि मग तुम्हाला देतात तो अर्धाच पियाला. बहीण म्हणेल काय कंजूष आहेत. तसं नाही, थोडाथोडा ओतला की पुन्हापुन्हा ओतता येतो, पाहुण्याची तेवढी जास्त सेवा. पियाला काठोकाठ भरून आला तर मात्र आवरतं घ्यावं असं जुनी माणसं सांगतात. माझ्यावर ती वेळ आली नाही, किंवा आली असेल तर मी शांतपणे पिऊन टाकला असेल.

खाण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, फार लांबलं.

कंदील

पाऊलवाट यांनी छान लिहिलंय. मी थोडं वेगळ्या बाजूने सांगतो. मुलगा समरकंदला वैद्यकीय शिक्षण घेतोय, त्यामुळे आमचं जाणं होतं. तिथे आता आपली मुलं इतकी आहेत की समरकंदमध्ये भारतीय माणूस ही नवलाई राहिलेली नाही. भाजीवालासुद्धा विचारतो, 'मुलगा इथे शिकतो का?' खिवा, बुखारा, फरगाणा खोऱ्याकडे मात्र अजून हौसेने फोटो मागतात.

भाषेचं म्हणाल तर जुन्या पिढीला रशियन येतं. समरकंद-बुखाऱ्यात घरात बरेच जण ताजिक बोलतात. तरुणांपैकी कुणाला इंग्रजी, कुणाला चक्क कोरियन, कारण कामाला तिकडे जातात.

एक कायद्याची गोष्ट. कुणी रात्री राहायलाच थांबवू लागलं तर टाळा. परदेशी पाहुण्याची राहण्याची नोंदणी करावी लागते. हॉटेलवाले ती आपोआप करतात, घरगुती मुक्कामात यजमानाच्या मागे काम लागतं. चहा प्या, जेवा, झोपायला हॉटेलवर या. हॉटेलने नोंदणीची चिठ्ठी दिली तर ती देश सोडेपर्यंत सांभाळा.

सप्टेंबर म्हणजे लग्नाचा हंगाम. हॉलच्या दारात रेंगाळलात तर ओढून आत नेतील. पहाटेच्या पुलावाचं जेवण असतं ते पुरुषांचं, तिथे तुम्हाला बोलावणार नाहीत. संध्याकाळच्या समारंभात मात्र नाचावं लागेल, सुटका नाही.

ताश्कंदला वेळ असेल तर शास्त्रीजींचा अर्धपुतळा बघून या. १० जानेवारी १९६६ ला करार झाला आणि ११ तारखेला पहाटे ते गेले. त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. आम्ही तिथे उभे असताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, टोपी काढली आणि आमच्याशी हात मिळवला. एक शब्द बोलले नाहीत. टोपी घातली आणि गेले.

बोरूबहाद्दर

टिकल्यांचं पटलं. पण उगीच लहान मुलांना पेनं-चॉकलेटं वाटत सुटू नका, पुढच्या पर्यटकाला त्याचा त्रास होतो. घरी गेलात तर यजमानीणबाईंच्या हातात द्या, ती काय ते करेल.

पाऊलवाट

हो, हे बरोबर. रिकाम्या हाताने जाऊ नये, पण वाटेत थांबून कलिंगड किंवा मिठाई घेतली तरी पुरते.

आता बहिणीचं जेवण. 'गोश्तसिझ' म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून ठेवा. पण त्याचा अर्थ लोक सोयीने घेतात. पुलावातले मांसाचे तुकडे बाजूला काढून भात पुढे करतील आणि म्हणतील, हे घ्या, गोश्तसिझ. भात त्याच कढईत, त्याच चरबीत शिजलेला असतो. भोपळ्याचा सामसा (समोशाचा तिथला भाऊ) दिसायला निर्धोक, त्यातसुद्धा दुंब्याची म्हणजे मेंढ्याची चरबी घालतात कधीकधी. त्यामुळे ज्याला चरबीही चालत नाही त्याने शिजवलेल्या गोष्टींच्या मागे न लागता नान, दही, सुझ्मा (आपल्या चक्क्यासारखा), टोमॅटो-कांद्याचा अचिचुक, अक्रोड, मनुका, नवात म्हणजे खडीसाखर, आणि फळं यावर राहावं. सप्टेंबरात खरबुजं आणि द्राक्षं अशी असतात की बहीण जेवण विसरेल. समरकंदचा नान वजनदार, वर चकाकी आणि मध्ये ठशाची नक्षी असलेला. सियोब बाजारातून एक घ्या, दिवसभर पुरतो.

घरात मात्र जेवण पुढे येण्याआधीच सांगायचं. ताटात आल्यावर नाही म्हटलं की बाई कासावीस होते आणि धावत अंडी उकडायला जाते. तुमच्याकडे तर तीही चालत नाहीत! 'डॉक्टरांनी मना केलंय' असं पोटावर हात ठेवून दाखवलं की कुणी आग्रह करत नाही. खोटं आहे, पण शाकाहाराचं तत्त्वज्ञान खुणांनी समजावण्यापेक्षा बरं.

आणि एक जागा राहिली. समरकंदला शाह-ए-झिंदा. सगळे निळ्या टाइल्सचे फोटो काढायला जातात, पण तिथल्या लोकांसाठी ते तीर्थाचं ठिकाण आहे. पैगंबरांचे चुलतभाऊ कुसम इब्न अब्बास यांच्या थडग्यापाशी बायका येऊन भिंतीकडेच्या बाकांवर बसतात, कुणीतरी दुवा म्हणतं, सगळ्या ओंजळी पसरतात आणि शेवटी तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. डोक्यावर ओढणी घेऊन त्यांच्यात बसा, त्यांनी केलं तसं करा. सरकून जागा देतात. बाहेर पडताना कुणीतरी नक्की विचारेल, हिंदिस्तान?

निवांत

किती आभार मानू! बहिणीला सगळं वाचून दाखवलं. खरबुजं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, आणि प्लात्सकार्त ऐकून परत बाहेर आला. चोपन्न माणसांत झोपायचं म्हणजे काय, असं तिचं चाललंय. खालचे दोन बर्थ मिळाले तर तयार होईल बहुतेक.

एकच शेवटचं. लोकांचे फोटो काढलेले चालतात का? बाजारातल्या आज्ज्या वगैरे?

पाऊलवाट

खालचेच घ्या, समोरासमोरचे. मधलं टेबल तुमचं होतं आणि आजूबाजूचे सगळे चहाला तिथेच येतात.

फोटोचं: आधी मोबाईल दाखवून भुवया उंचावायच्या. बहुतेकजणी हो म्हणतात, पण आधी रुमाल नीट करतात, तेवढं थांबा. मशिदीत नमाज चालू असताना नको. ताश्कंदच्या मेट्रोत पूर्वी बंदी होती, २०१८ पासून चालतं. आणि फोटो काढला की तो पाठवायला लागतो, 'पाठवते' म्हणून विसरलात तर त्या वाट बघतात. तिथे सगळे टेलिग्रामवर असतात, व्हॉट्सअॅप फार कुणी बघत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी दोघींच्या फोनवर टेलिग्राम घालून घ्या, नोंदणीचा कोड इथल्याच नंबरवर येतो, तिथे सिम बदलल्यावर पंचाईत होते.