७८०चा हँडलबार कापू का? पाखाडी, सडा आणि डांबरी रस्ता, तिन्हीकडे चालवायचंय

सडा_आणि_समुद्र

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. दिवाळीत एक सेकंडहँड हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली, २९ इंची चाकं, मीडियम फ्रेम, बार ॲल्युमिनियमचा ७८० मिमी आणि स्टेम (बार पुढच्या दांड्याला धरून ठेवणारा तुकडा) ६० मिमीचा. माझी उंची ५ फूट ५ इंच, वजन ६४ किलो. आधीची गिअरवाली सायकल अजून घरी आहे, तिचा बार टेपने मोजला तर ५८० भरला, म्हणजे एकदम २० सेंटिमीटरचा फरक पडलाय.

मी राहतो गुहागरात, रोज सकाळी पालशेतपर्यंत जाऊन येतो, सुट्टी असली की वेळणेश्वर नाहीतर हेदवी, आणि रविवारी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. आता होतं काय की डांबरी रस्त्यावर तासभर झाला की मान आणि दोन्ही फऱ्यांच्या मधला भाग दुखायला लागतो, आणि आमच्या घराकडे येणारी पाखाडीची वाट म्हणजे दोन्हीकडे आगरं, दोन्हीकडे दगडी गडगा, मधे जेमतेम तीन फूट जागा, तिथे दोनदा बोटांची सालटी निघाली. पण सड्यावरून खाली येताना हाच बार इतका भारी वाटतो की बस, दगडावर चाक आपटलं तरी हँडल हातातून फिरत नाही, जुन्या सायकलवर त्याच उतारावर मी उतरून चालत यायचो.

गावातला मेकॅनिक म्हणतोय आण, ७०० करून देतो, दहा मिनिटांचं काम. पण एकदा कापला की कापला. म्हणून विचारतो, माझ्या उंचीला किती बरा? उंचीवरून काढायचा काही हिशोब असतो का?

चिरेखाण

आधी मेकॅनिकला थांबव, बाकी नंतर.

तू दोन वेगळ्या तक्रारी एकत्र केल्यास असं मला वाटतं. वाटेचं घे. तीन फूट म्हणजे ९१४ मिमी. ७८०चा बार अगदी मधोमध नेलास तरी दोन्ही बाजूला ६७ मिमी उरतात. ७४० केलास तर ८७. म्हणजे ४ सेंटिमीटर बार कापून प्रत्येक हाताला मिळाले फक्त २ सेंटिमीटर, आणि जांभ्याचा गडगा काही सरळ रेषेत नसतो, एखादा चिरा तेवढा बाहेर आलेलाच असतो. त्या पन्नास पावलांसाठी उतरून चाल, नाहीतर हातमोजे घाल, पण त्यासाठी बार कापू नको. झाडीच्या दाट ट्रेलवर चालवणाऱ्यांना अरुंद बारचा खरा फायदा असतो हे कबूल, पण तुझा सडा उघडा आहे.

फऱ्याचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्याच्यावरच रुंदी ठरवायची. हात जितके लांब पसरतील तितकी छाती खाली आणि पुढे ओढली जाते. ढोबळ हिशोब असा की बार २० मिमी रुंद केला की सायकल साधारण १० मिमी लांब झाल्यासारखी वाटते. तू ५८० वरून ७८० वर आलास! शरीराला ती सायकल एक साइज मोठी वाटत असणार.

उंचीवरून फक्त अंदाज येतो, हिशोब नाही. खांदे किती रुंद, हात किती लांब यावर जास्त आहे. घरी करण्यासारखी एक गोष्ट: जमिनीवर पुशअपला झोप, डोळे मिट, विचार न करता जिथून सगळ्यात जोर लागेल तिथे हात ठेव आणि कुणाला तरी एका तळव्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायला सांग. तो आकडा हा सुरुवातीचा आकडा, शेवटचा नाही, कारण सायकलवर कोपर वाकलेले आणि बाहेर असतात.

मग बार न कापता ग्रिप्स आणि ब्रेक, शिफ्टर सगळं दोन्हीकडून १० मिमी आत सरकव आणि एक आठवडा चालव. लॉक-ऑन (स्क्रूने आवळायच्या) ग्रिप्स असतील तर ॲलन कीने पाच मिनिटांचं काम. बाहेर उरलेलं टोक दिसायला विचित्र दिसेल, दिसू दे, फक्त ते तोंड बंद करायला प्लग हवाच. नंतर अजून ५-५ मिमी. रस्ता तोच ठेव, नाहीतर फरक बारचा की चढाचा ते कळणार नाही.

देवगडची_वाट

मी देवगडचो. तुका आधी एकच सांगतंय, कापूक घाई करू नको. बाकीचं सगळ्यांना कळायला साध्या मराठीत लिहितो.

माझा पण ७८०च होता, आणि मी कुणाला न विचारता एका दुकानात नेऊन थेट ६८० करून घेतला. कारण काय तर आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना वाऱ्यात हात पसरलेले नको वाटायचे. डांबरावर खरंच मस्त झाली, झपकन वळायची. पण कुणकेश्वरच्या बाजूला कातळावर नेली आणि हात थरथरायला लागले, प्रत्येक दगडाला पुढचं चाक स्वतःच वळायचं. तरफेचाच हिशोब आहे तो, हात मधल्यापासून जितका लांब तितकं चाक धरून ठेवायला कमी जोर. स्टेम ६०चाच होता, तेव्हा हँडल उगाच चंचल झालं.

दुसरं जे कुणी सांगत नाही ते म्हणजे बारचा मधला भाग जाड असतो, ३१.८ किंवा ३५ मिमी, आणि टोकाकडे बारीक होत २२.२ होतो. ब्रेक, शिफ्टर, सीट खाली-वर करायचा ड्रॉपरचा खटका, सगळं त्या २२.२ च्या सरळ भागातच बसतं. ६८० केल्यावर माझा शिफ्टर वाकलेल्या भागात जाऊन बसला आणि अंगठा नीट पोचेना. वर एक बाजू ४ मिमीने कमी कापलेली. शेवटी नवीन बारच घ्यावा लागला, ७६०. बारवर टोकाला कापायच्या खुणा छापलेल्या असतात बघ, किती पर्यंत कापायचं ते पण कंपनी देते, त्याच्या आत जाऊ नको.

आंजर्ल्याची

माझी उंची ५ फूट १ इंच, म्हणून लिहितेय, कारण असल्या चर्चेत आमच्या मापाचं कोणी बोलत नाही. नवीन सायकल आली तेव्हा माझाही ७६० होता. सगळे सांगायचे सवय होईल. चार महिने थांबले, सवय नाही झाली. खांदा दुखायचाच, शिवाय करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. हर्णैपर्यंत जाऊन आलं की चहाचा कप उजव्या हातात धरवत नसे.

बधिर व्हायचं कारण रुंदी एकटी नाही हे मला नंतर कळलं. करंगळीच्या बाजूची नस तळव्याच्या कडेला दाबली जाते, हात बाहेर पसरले की मनगट आतल्या बाजूला वाकतं आणि सगळा भार त्या कडेवर येतो. मी आधी ब्रेकचे लिव्हर फिरवले, ते फार खाली होते, मनगट मोडून धरावं लागायचं. मग बार स्टेममध्ये थोडा मागे फिरवला, म्हणजे बॅकस्वीप (बारच्या टोकांचा मागे येणारा वाक) हाताच्या नैसर्गिक कोनाला जुळला. निम्मा त्रास तिथेच गेला. राहिलेला निम्मा ७२० ला गेला. ७०० पण करून पाहिला, चढावर उभं राहून पेडल मारताना श्वास कोंडल्यासारखा वाटला, परत ७२० वर आले. कापला नव्हता म्हणून परत येता आलं.

तेव्हा दादा, तुमचा आकडा माझ्या किंवा वरच्या दोघांच्या आकड्यावरून ठरवू नका. आणि टायरमध्ये हवा किती भरता ते पण सांगा, जांभ्यावर हवा जास्त असली तर सगळा मार हातालाच बसतो.

सडा_आणि_समुद्र

खूप आभार सगळ्यांचे. ताई, हवा मी दोन्हीकडे ४५ पीएसआय भरत होतो, जुन्या सायकलच्या सवयीने. पुशअपचं माप बायकोने घेतलं, तीनदा केलं, ७४०, ७५५, ७४५ असं आलं. दोन प्रश्न. स्टेम बदलला तर बार न कापता भागेल का? ४० चा मिळतोय. आणि मोजायचं नक्की कुठून कुठे, कारण माझ्या ग्रिप्सच्या टोकाला जाड रबर आहे.

चिरेखाण

४५ फार झाली. ६४ किलोला, ट्यूब असताना, २.२५ चा टायर असेल तर पुढे २६-२८ आणि मागे जराशी जास्त अशी सुरुवात कर, रिम दगडाला लागतेय असं वाटलं की दोनने वाढव. मी ट्यूबसकट एवढ्याच हवेवर उक्षीच्या बाजूचा कातळ फिरतो (कातळशिल्पांपासून लांबूनच, चाक त्यावर नेऊ नका रे कुणी).

मोजताना धातूच्या टोकापासून धातूच्या टोकापर्यंत, बारच्या वाकाबरोबर नाही, सरळ रेषेत. ग्रिपचं रबर धरलंस तर ५-१० मिमी जास्त दाखवेल आणि कापताना तितकाच चुकशील.

स्टेमचं म्हणशील तर ४० चा चालेल, पण तो वेगळं काम करतो. स्टेम आखूड केला की हात तुझ्याकडे येतात, पाठ सुटते, पण हातांमधलं अंतर तेवढंच राहतं. दुखणं कमरेत, मानेत असेल तर स्टेमने फरक पडतो, खांद्याच्या सांध्यात आणि फऱ्यात असेल तर रुंदीने. जुन्या ९०च्या दशकातल्या माउंटन बाइकवर बार ५६०-६०० आणि स्टेम शंभराच्या पुढे असायचे, आता बार वाढले तसे स्टेम ३५-५० वर आले, दोघं जोडीनेच बदलत गेलेत. म्हणून एका वेळी एकच बदल. आधी रुंदी ठरू दे, मग बाकी राहिलं तर स्टेम.

आणि कापल्यामुळे हात पुढे जातील याची भीती नको, बॅकस्वीप असतो म्हणून थोडे जातात, पण प्रत्येक बाजूला २० मिमी कापलंस तरी तो फरक जेमतेम ३ मिमीचा.

खाऱ्या_वाऱ्यात

कापायची वेळ आलीच तर स्वतः कापा, अवघड नाही. ॲल्युमिनियमला इंचाला ३२ दातांचं हॅक्सॉ ब्लेड पुरतं. बारवर दोन होज क्लॅम्प (रबरी पाइप आवळायच्या पत्र्याच्या कड्या) शेजारी शेजारी आवळायचे आणि मधल्या फटीतून ब्लेड चालवायचं, एकदम काटकोनात येतं. कापल्यावर आतली बाहेरची धार कानशीने, मग पॉलिश पेपरने मारायची, नाहीतर ग्रिप चढवताना फाटतो. प्लंबरचा पाइप कटर पण चालतो, पण कार्बनच्या बारला तो अजिबात लावू नका, चिरडतो. कार्बनला टेप गुंडाळून, बारीक दातांनी, ओलं करून, तोंडाला मास्क लावून, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

दोन्ही टोकाला प्लग सक्तीचे. उघडं टोक म्हणजे गोल सुरी आहे, पडताना पोटात नाहीतर मांडीत घुसतं. हे मी कळकळीने सांगतोय, आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मांडीला सहा टाके पडलेत.

आणि किनाऱ्यावर राहता तर अजून एक, ग्रिप वर्षातून दोनदा तरी काढून आत बघा. घाम आणि खारा वारा मिळून ग्रिपखाली पांढरी भुकटी धरते, ती पुसा, खड्डे पडलेले दिसले तर तो बार बदलाच. स्टेमच्या स्क्रूना ग्रीसचा हात द्या, आमच्याकडे वेंगुर्ल्यात एका पावसाळ्यात ते इतके गंजतात की ॲलन की फिरून जाते. आवळताना स्टेमवर किती न्यूटन मीटर लिहिलंय ते बघा, बहुतेकांवर ५ असतं, आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे.

सडा_आणि_समुद्र

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कुणी नंतर शोधत आलं तर उपयोग व्हावा म्हणून.

आधी फक्त हवा कमी केली, पुढे २८, मागे ३०. हाताचा त्रास लगेच कमी, फऱ्याचा तसाच. मग ७६० ला सरकवलं, सहा दिवस, हेदवीपर्यंत गेलो तेव्हा परतीला दुखलं. ७५० ला आठ दिवस, हेदवी करून आलो, वाटेत वेळणेश्वरला थांबलो तेव्हा लक्षात आलं की आज मानेवर हात गेलाच नाही. ७३० पण मुद्दाम करून पाहिलं. सड्यावरून उतरताना जिथे दोन पायऱ्यांसारखा कातळ आहे तिथे पुढचं चाक उजवीकडे ओढलं गेलं, पडलो नाही, पण परत तसं नको. ७५० लाच आलो.

काल होज क्लॅम्पच्या पद्धतीने घरीच कापला, दोन्हीकडून १५-१५. आधी तीन वेळा मोजलं. आता टोकापासून टोकापर्यंत ७५०, प्लग बसवलेत, स्टेम ६०चाच ठेवलाय. आगराच्या वाटेत शेवटचे पन्नास पावलं उतरून चालतो. मेकॅनिकला बार दाखवला, त्याने बोट फिरवून धार बघितली आणि क्लॅम्पची युक्ती लिहून घेतली.