कॉइल बदलण्याआधी किल वायर काढून बघा
राइडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) चालू होत नाही, ठिणगी नाही म्हणजे कॉइलच (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गेली, सरळ नवीन टाका, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. जुन्या राइडिंग मोअरमध्ये बहुधा मॅग्नेटो (फिरत्या चुंबकाने ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रणा) असतो आणि त्याचं इंजिन बंद होतं ते कॉइलला अर्थ देऊन, म्हणजे किल वायर नावाच्या तारेने ती इंजिनच्या धातूला जोडून. किल्ली, सीटखालचा स्विच, ब्लेडचा स्विच सगळे हेच काम करतात. त्यातला एक जरी अडकला तरी चांगली कॉइल मेल्यासारखी दिसते. म्हणून आधी कॉइलवरची किल वायर सोडवा, स्पार्क टेस्टर (ठिणगी दाखवणारं साधन) लावा आणि स्टार्टर मारा. ठिणगी आली तर कॉइल ठीक, दोष वायरिंगमध्ये. मात्र वायर सुटलेली असताना इंजिन चालू झालं तर किल्लीने बंद होणार नाही, सीटवरून उठलात तरी नाही. ब्लेड बंद आणि गिअर न्यूट्रलला हवाच.

आमच्याकडे ओहायोत हिवाळाभर शेडमध्ये उभ्या मोअरवर उंदरांनी ब्लोअरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या) झाकणाखाली घरटं केलं होतं. किल वायर कुरतडलेली, उघडं तांबं सिलिंडरच्या फिनला (थंड होण्यासाठीच्या धातूच्या पात्याला) टेकलेलं, म्हणजे कॉइलला कायमचा अर्थ. मी तोवर नवी कॉइल बसवून मोकळा झालो होतो! ते झाकण काही बोल्टांवर असतं, आधी तेच उघडा.