तान्हं बाळ असलेल्या आमदाराला सभागृहाने सवलत द्यावी का?

उंबरठा:
डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. फोटो फिरले, कौतुक झालं, बाळाला पाजायला हिरकणी कक्षही उघडला. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, मुंबईत, त्यांनाच तिथल्या कक्षातल्या धुळीबद्दल आणि गैरसोयीबद्दल तक्रार करावी लागली.

पण एक खोली नीट झाली म्हणजे प्रश्न सुटला का? कायद्याच्या कक्षेतल्या नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे. आमदाराला प्रसूती रजा अशी नाहीच. परवानगी न घेता साठ दिवस सभागृहाच्या सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलात तर जागाच रिक्त ठरवता येते. आणि मत द्यायचं तर स्वतः हजर राहायलाच हवं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये २०१९ पासून बाळंतपणात सहकाऱ्यामार्फत मत देता येतं. आपल्याकडे का नको?

बांधावरून:
कारण आमदारकी ही नोकरी नाही. तिकीट मागायला कुणी जबरदस्ती केली नव्हती. ऊसतोडीची बाई ओली बाळंतीण असताना फडात उतरते, तिच्यासाठी कुणी धागा काढत नाही. लाखो मतदारांनी जिला निवडलं तिने तिथे बसून बोलावं, एवढीच अपेक्षा आहे. मत दुसऱ्याने द्यायचं तर निवडून कुणाला दिलं?

उंबरठा:
ऊसतोडीच्या बाईचे हाल होतात म्हणून सगळ्यांचेच व्हावेत? तिचा प्रश्न सभागृहात मांडायला तो भोगलेली बाई तिथे पोचायला तर हवी!

नाना_पारावरचे:
व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की आमदार हात कुठे वर करणार ते आधीच ठरलेलं असतं. तेवढ्यासाठी बाळंतिणीला प्रवास कशाला? जून २०२२ ला राज्यसभेच्या मतदानासाठी भाजपचे आमदार मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप गंभीर आजारी असताना रुग्णवाहिकेतून आले होते. आपण त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. मला तर ते बघवलं नव्हतं.

बांधावरून:
नाना, व्हिपमुळेच तर भीती आहे. आज बाळंतिणीचं मत पक्षाच्या खिशात, उद्या आजाऱ्याचं, परवा रुसलेल्याचं. इकडे पक्ष कसे फुटतात ते बघताय ना? आणि गावोगावचे सरपंचपती विसरलात का? बाईची सही, नवऱ्याचा कारभार. 'तिच्या वतीने' म्हटलं की मला आधी तेच आठवतात.

उंबरठा:
हा मुद्दा मान्य. मुदत ठरावीक हवी, मत कोण देणार ते सदस्याने स्वतः अध्यक्षांना लेखी कळवावं, आणि विश्वासदर्शक ठराव यातून वगळावा.

सायंकाळची_गाडी:
मतदान वर्षातून किती वेळा होतं हो? खरा जाच रोजचा आहे. कामकाज रात्री उशिरापर्यंत लांबतं. मतदारसंघात लग्नं, दहावे, उद्घाटनं. नाही गेलं तर 'ताई आता दिसत नाहीत'. पुरुष आमदाराला 'मुलं कुणाकडे ठेवलीत?' असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. त्याची मुलं आपोआप वाढतात बहुधा. २०२४ ला २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या, २०१९ ला २४ होत्या. तिकीटवाटपातच लहान मुलांची आई मागे पडते, नाव पुढे येतं ते सासरे किंवा वडील राजकारणात असतील तर. सांभाळायला माणसं असतात ना!

बांधावरून:
मग तो पक्षांचा आणि घरच्यांचा प्रश्न झाला. नियम बदलून सासूबाई बदलणार आहेत का?

सायंकाळची_गाडी:
कामकाज सात वाजता संपवायचा नियम केला तर सासूबाईंना विचारायची गरज कमी पडेल. बाप असलेले आमदारही वेळेत घरी जातील. तुमची हरकत नेमकी कशाला आहे?

बांधावरून:
सातला? माझ्या तालुक्याचा प्रश्न सकाळीच गोंधळात वाहून जातो. आधी ते तहकुबीचं बघा, मग मीही तुमच्या बाजूने.