ऊसतोडीच्या बाईच्या मुलीला वसतिगृह मिळेल का? (नववी)

पहाटेचं_मैदान:
प्रश्न माझा नाही, पण उत्तर मला पोचवायचंय.

मी तृतीयपंथी. नगरला माळीवाडा स्टँडजवळ रात्री चहाच्या गाडीवर असते, तिथूनच पहाटे मैदानावर. पोलीस भरती करतेय. परवा रात्री एक बाई पाथर्डीच्या गाडीसाठी थांबलेली. कारखान्यावरून सासूच्या दहाव्याला निघालेली, दोन्ही हात पाचटाने चिरलेले. मला बघून कनवटीचे दहा रुपये काढले. "पोरीला आशीर्वाद दे."

म्हटलं, ताई, मी मागत नाही, मी पळते. आठशे मीटर. तिला काही कळेना. पिशवीतले बूट दाखवले तेव्हा हसली. "माझ्या पोरीलाबी पोलीसच व्हायचंय की!"

मग गाडी येईपर्यंत दोघी बोलत बसलो. पोरगी गावात आजीजवळ असायची, आता आजी गेली. बाप म्हणतो कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) नेऊ, धाकट्याला सांभाळेल, पुढच्या साली उजवून टाकू. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ उचल फिटायची आहे, त्यामुळे पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) आईला गावात थांबता येत नाही. तिने विचारलं, तुला कशाला वर्दी? म्हटलं, रात्री मला कुणीही हटकतं. एकदा मी हटकून बघणार. ती म्हणाली, "मला पोरीचा वर्दीतला फोटू पायजे. मुकादमाला दाखवीन."

संत भगवानबाबा वसतिगृहाचं ऐकलंय. कागद काय लागतात? वर्षाच्या मधेच घेतात का?

खडू_डस्टर:
योजना २०२१ची, समाजकल्याणकडे आहे. ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक अशी ८२ मंजूर. सगळी एकदम सुरू झाली नाहीत, म्हणून त्या तालुक्यात आहे का ते आधी बघा. मुख्य कागद आईबापाचं ऊसतोड कामगार ओळखपत्र. ते ग्रामसेवक देतो. सोबत आधार आणि शाळेचा बोनाफाईड ठेवा. मधल्या प्रवेशाचं जागा रिकामी आहे का त्यावर आहे, थेट गृहपालांना भेटा. शाळेतलं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच, तिकडे हेलपाटा नको.

अर्धा_कोयता:
मी कोपीवरच वाढले. कागद होतील हो, बापाचं काय? चौदा-पंधराची पोरगी दिसली की मुकादम तिला अर्ध्या कोयत्यात (जोडपं एक कोयता, एकटा मजूर अर्धा) धरतो, बापालाही तेवढीच उचल जास्त दिसते. आईला म्हणावं, दहाव्याला मामा-मावश्या जमतील तेव्हाच चारचौघांत विषय काढ. एकटीने नवऱ्याला सांगून उपयोग नाही, आमच्याकडे तरी झाला नाही. आणि लग्नाची खरंच हालचाल दिसली तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला फोन.

रोखठोक७७:
मुलीचं ठीक. पण तुम्हाला भरतीत घेतात का?

पहाटेचं_मैदान:
@रोखठोक७७ हायकोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला सुनावलं, तेव्हापासून फॉर्मवर आमचा रकाना आहे. कलेक्टरच्या सहीचं ओळखपत्रही आहे माझ्याकडे. अडलंय ते गोळाफेकीवर. गोळा चार किलोचा, म्हणावा तसा जात नाही.

@अर्धा_कोयता ताई, तुमचं म्हणणं काल फोनवर तसंच्या तसं सांगितलं. नंबर शेजारणीचा, त्यामुळे मोजकंच बोलता आलं. तिचा भाऊ येणारे, तो काढेल म्हणाली विषय. बापाच्या नावाचं ओळखपत्र झालेलं आहे, पण ते मुकादमाकडे ठेवलंय! @खडू_डस्टर गुरुजी, ग्रामसेवक दुसरी प्रत देतो का? दहाव्याच्या आत कळलं तर बरं होईल.