अनुभव धागा: रोलप्लेसाठी जोडीदार नाकारता नाकारता कोण सापडलं?

कृष्णाकाठ (सांगली)
ऑनलाइन रोलप्ले म्हणजे एक पात्र माझं, एक समोरच्याचं, आणि आळीपाळीनं लिहून गोष्ट पुढे न्यायची. सांगलीला हे परकं वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं नाटक उभं केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची.

माझ्या अटी मात्र कडक होत्या: रिप्लाय किमान तीन परिच्छेदांचा, मराठी शुद्ध, रोज लिहिणार. जतच्या एका मुलानं विचारलं तेव्हा मी जवळजवळ नाहीच म्हटलं होतं. वय बावीस, घरात कन्नड, लिहिताना 'ती दगड', 'तो भाकरी'. प्लॉट हरिपूरच्या पेवांचा होता, जमिनीखाली हळद साठवायचे ती. माझा व्यापारी पेव उघडायला निघाला, त्यावर मी भलंमोठं वर्णन लिहिलं. त्याच्या हमालाचं उत्तर आलं: 'कंदील खाली सोडला. विझला. मालक, उतरू नका.'

मी बराच वेळ ते वाचत बसले. माझ्या तीन परिच्छेदांत बंद पेवातली हवा कुठंच नव्हती. आम्ही आठ महिने लिहितोय. लिंगं मी दुरुस्त करत नाही, त्या हमालाची बोलीच ती आहे.

तुमचेही अनुभव लिहा.

सतार_मिरज
माझ्या जोडीदाराचे रिप्लाय तुकड्यातुकड्यांत यायचे. मला वाटलं, निष्काळजी आहे. नंतर कळलं, आम्ही लिहितो त्या डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या मोफत खात्यात एका मेसेजला २००० चिन्हांची मर्यादा, आणि देवनागरीत एकटा 'क्षि' चार चिन्हं खातो. विचारलं असतं तर महिनाभराचा राग वाचला असता.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)
आमचा प्लॉट: औरंगजेबाचा साताऱ्याचा वेढा, डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००. प्रयागजी प्रभू किल्लेदार. मला समोर तलवारबाज सरदारच हवा होता. एका काकूंनी कोठावळा मागितला, गडावरचं धान्य मोजून देणारा. काय होणार यात, असं वाटून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्यांनी पहिल्याच प्रवेशात पायली कमी भरली आणि माझ्या शिलेदाराला विचारलं, 'तुझा वाटा कमी करू की तुझ्या घोड्याचा?' तिथून लढाई मला तटावर लिहावीच लागली नाही.

कराडकर
मन मोकळं ठेवा, पण किती? एकानं माझ्या पात्राला शरण आणलं, रडवलं, माफीही मागायला लावली, सगळं स्वतःच लिहून. गॉडमोडिंग म्हणतात ते हेच. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा थांबलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. लांबी, शैली, शुद्धलेखन, सवड यांत जुळवून घेता येतं. माझं पात्र माझ्या हातून काढून घेतलं, तर जुळवायला उरतंच काय?

वाईची
कराडकर दादा, पटलं. मी आणखी एक धरते: पहिल्याच निरोपात वय विचारायचं. अठराच्या आतलं कोणी असेल तर लिहायचंच नाही, मग लेखन कितीही चांगलं असो. फोन नंबरही द्यायचा नाही.

कृष्णाकाठ
वाईची ताई, बरोबर. सातारकर दादा, त्या कोठावळ्याचं पुढे काय झालं?

अजिंक्यतारा_पायथा
आमच्या गोष्टीत मार्च संपतोय. त्यानं घोड्यांचा दाणा बंद केलाय, स्वतःचाही अर्धा केलाय. काल काकूंनी एवढंच लिहिलं: 'किल्ली कमरेला सैल झाली आहे.'