शब्दचर्चा: घात, घातांक आणि 'अज्ञात स्थिरांक'

समच्छेद
बीजगणितात अशा धाटणीचं उदाहरण नेहमी येतं:

(क × क्ष^अ × य^३)^ब = १६ × क्ष^८ × य^१२, तर अ, ब, क हे स्थिरांक काढा.

(^ या खुणेपुढचं जे आहे ते वर चढवून वाचावं.)

मुलं दोन शब्दांपाशी अडतात. जे शोधायचं आहे ते 'स्थिरांक' कसं? अज्ञात म्हणजे चल, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि 'घात' व 'घातांक' एकच का?

पाटीपेन्सिल
दुसरा प्रश्न आधी घेतो. एकच नाहीत. २^५ मध्ये २ हा पाया, ५ हा घातांक आणि ३२ हा घात. आपण 'दोनचा पाचवा घात' असं वाचतो तेव्हा ३२ बद्दलच बोलत असतो. पण वर्गात 'याचा घात किती?' असं विचारलं जातं आणि 'पाच' हे उत्तर बरोबर धरलं जातं. घोळ तिथून सुरू होतो.

नंतर 'घात मिळवा' एवढंच कानावर पडलेलं मूल २^३ + २^४ = २^७ लिहून मोकळं होतं. डावीकडे ८ + १६ म्हणजे २४, उजवीकडे १२८. नियम पूर्ण शब्दांतच सांगायला हवा: पाया सारखा असलेल्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. घातांच्या बेरजेबद्दल हा नियम काहीच सांगत नाही.

जुनीपोथी
पाटीपेन्सिल यांच्या म्हणण्याला व्युत्पत्तीचाही आधार आहे. आज 'घात' म्हटलं की विश्वासघात, आघात आठवतात. पण संस्कृत गणितात हन् धातूला 'गुणणे' हाही अर्थ आहे आणि घात म्हणजे गुणाकार. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) वर्गाला समद्विघात आणि घनाला समत्रिघात म्हटलं आहे, म्हणजे सारख्याच दोन किंवा तीन संख्यांचा गुणाकार. तेव्हा घात हे गुणून आलेलं फळ, आणि संख्या किती वेळा घेतली हे सांगणारा अंक तो घातांक.

पहिल्या प्रश्नालाही तिथे धागा सापडतो. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात शोधायच्या राशीला 'अव्यक्त' म्हणतात आणि यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देतात. अव्यक्त म्हणजे अजून उघड न झालेलं. ते बदलतं, असं हा शब्द कुठेच म्हणत नाही.

करणी
अगदी बरोबर. बदलतं की नाही हा एक प्रश्न, माहीत आहे की नाही हा दुसरा. क्ष आणि य चल आहेत, त्यांना हवी ती किंमत द्या. अ, ब, क आधीच ठरलेले आहेत, फक्त आपल्याला सांगितलेले नाहीत. म्हणून 'अज्ञात स्थिरांक' यात विसंगती नाही.

हा भेद उदाहरण सोडवतानाही लागतो. समानता क्ष, य च्या सर्व किंमतींसाठी खरी आहे, म्हणूनच दोन्हीकडचे घातांक एकेक करून ताडता येतात. नुसतं क्ष = १, य = १ घेतलं तर हाती फक्त क^ब = १६ उरतं. त्यात क = ४, ब = २ सुद्धा बसतं आणि क = १६, ब = १ सुद्धा.

आता रीत. कंस सोडवला की डावी बाजू क^ब × क्ष^(अब) × य^(३ब) होते. सुरुवात य पासून करावी, कारण तिथे एकच अज्ञात आहे: ३ब = १२, म्हणून ब = ४. मग अब = ८, म्हणून अ = २. शेवटी क^४ = १६.

इथेच सगळ्यात जास्त गुण जातात. काहीजण क = १६ लिहितात, म्हणजे बाहेरचा घातांक सहगुणकाला (चलांना गुणणाऱ्या क ला) लावायचंच विसरतात. काहीजण ४क = १६ धरून क = ४ काढतात. घातांकांना ४ ने गुणत आलेला हात सहगुणकालाही गुणून टाकतो. ताळा पाहिला की चूक लगेच दिसते: ४^४ = २५६. बरोबर उत्तर क = २ किंवा क = –२, कारण ४ हा घातांक सम आहे.

पाटीपेन्सिल
'पाया समान, तर घातांक समान' या वाक्यालाही अट जोडायला हवी. १^५ = १^९ आणि (–१)^२ = (–१)^४ खरं आहे, पण घातांक वेगळे. पाया धन असावा आणि १ नसावा. पाया वेगळे दिसले तर आधी एकच करून घ्यावेत: ९^म × २७^२ = ३^१४ म्हणजे ३^(२म + ६) = ३^१४, म्हणून म = ४.

करणी
आणि स्थिरांक गुणक म्हणून बाहेर असेल तर वजाबाकी नको, भागाकार करावा. क × ब^२ = १२ आणि क × ब^५ = ९६ (क, ब वास्तव) असेल, तर दुसऱ्याला पहिल्याने भागल्यावर क उडतो आणि ब^३ = ८ राहतं. ब = २, मग ४क = १२, क = ३. ताळा: ३ × ३२ = ९६. वजाबाकी करणारे क × ब^३ = ८४ लिहितात. ते पुन्हा घातांच्या वजाबाकीत घातांक वजा करणंच झालं.

समच्छेद
मग उदाहरणाची भाषाच अपुरी होती. यापुढे असं देईन: 'क्ष आणि य या चलांच्या सर्व किंमतींसाठी (क × क्ष^अ × य^३)^ब = १६ × क्ष^८ × य^१२ असून क > ०, तर अ, ब, क या स्थिरांकांच्या किंमती काढा.'