मिल्वॉकीत भाच्यासाठी जुनी एलान्ट्रा घ्यावी का?

पानसुपारी: भाचा एमएससाठी अमेरिकेत मिल्वॉकीला गेलाय. २०१७ ची सेकंडहँड ह्युंदाई एलान्ट्रा बघून ठेवलीय, किल्ली फिरवून चालू होणारी. भाव बराच कमी. रूममेट म्हणतो, घेऊ नको, चोरीला जाईल. इथे नाशकात आमच्याकडे ह्युंदाईच आहे, कधी काही झालं नाही. तिकडच्यांनी सांगा.

इंजिनऑईल: नको. मिल्वॉकीत तर नकोच, या गाडीचोरीचं लोण तिथूनच पसरलं. २०२१ मध्ये तिथे चोरीला गेलेल्या गाड्यांत जवळजवळ दोन तृतीयांश किया-ह्युंदाई होत्या. साधारण २०११ ते २०२२ मधल्या किल्लीवाल्या बऱ्याच मॉडेलांत इमोबिलायझरच (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) नाही. किल्लीत चिप नाही, त्यामुळे खरी किल्ली कोणती हे गाडीला कळतच नाही. २०२२ मध्ये टिकटॉकवर व्हिडिओ फिरले आणि शाळकरी पोरंही गाड्या पळवायला लागली. भाव उगाच पडलेला नाही.

वऱ्हाडी_टोला: चोरी केली चोरानं अन् बदनाम कंपनी? कुलूप तुटलं म्हणून कुलूपवाल्यावर केस करता का?

इंजिनऑईल: तुटलं नाही हो भाऊ, लावलंच नव्हतं! कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा आहे, तिथे याच कंपन्या निमूट बसवत होत्या. अमेरिकेत सक्ती नाही, तर खर्च वाचवला. २०१५ च्या मॉडेलांत बाकी कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो स्टँडर्ड होता, या दोघींच्या फक्त २६ टक्क्यांत. राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी (मुख्य सरकारी वकिलांनी) रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्ती, मागितला, तर केंद्राचं वाहन सुरक्षा खातं म्हणालं, नियम मोडलेलाच नाही. मला तरी ही पळवाटच वाटते.

रानमेवा: भांडण नंतर, आधी पोराचं बघा. घेतलीच तर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन डीलरकडे विचारा, चोरीविरोधी सॉफ्टवेअर अपडेट झालंय का. फेब्रुवारी २०२३ पासून ते फुकट आहे. अपडेट झालेल्या गाड्यांचे चोरीचे दावे निम्म्याहून कमी झालेत. मात्र गाडी रिमोटनेच लॉक करायची. नुसती किल्लीने दार लावून गेला तर बहुतेक गाड्यांत ते सॉफ्टवेअर चालूच होत नाही (हे पोरांना दहादा सांगावं लागतं). डिसेंबर २०२५ मध्ये या कंपन्यांची ३५ राज्यांशी तडजोड झाली, त्यात इग्निशनभोवती जस्ताचं कवच फुकट बसवून द्यायचं ठरलंय. तेही विचारा. शिवाय स्टीअरिंगला लोखंडी लॉक, भडक रंगाचा, बाहेरून दिसेल असा. काही शहरांत पोलिसांनी ते फुकट वाटलेत.

पानसुपारी: आणि पुश बटणवाली मिळाली तर?

इंजिनऑईल: चालेल, तिच्यात इमोबिलायझर असतो. पण चोराला ते काच फोडल्यावर कळणार! पैसे देण्याआधी विम्याचा कोट घ्यायला सांगा. काही विमा कंपन्यांनी काही शहरांत या मॉडेलांना नवी पॉलिसी देणंच थांबवलं होतं. आणि स्वस्त पडते म्हणून नुसती लायेबिलिटी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी पॉलिसी) घेऊ नका, चोरी झाली तर त्यात दमडी मिळत नाही. चोरीही धरणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी धरून हिशेब करा, मग बघा एलान्ट्रा कितीशी स्वस्त उरते.